गुडघ्यांची कामं आधी! बकेट लिस्ट आणि वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रिटायरमेंटनंतरच्या रिकाम्या वेळेबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांची गंमत म्हणजे रिकामा वेळ हा विषय बहुतेकांनी दोन ओळींत उरकला आणि सरळ बकेट लिस्टवर आले. चाळिशीत हौसेने केलेली लिस्ट आता साठी-सत्तरीत उघडली की धडकी भरते, हे जवळजवळ सगळ्यांचं. त्यातली सहा पत्रं इथे घेतेय, नावं-गावं गाळून, आणि फार लांबलेली थोडी छाटून.

प्रश्न : ताई, माझं वय ६७. बेचाळिशीत असताना एका वहीत साठ गोष्टींची लिस्ट केली होती, मरायच्या आधी करायच्याच अशी. त्यातल्या फार तर आठ-नऊ झाल्या असतील. एक नंबरला एव्हरेस्ट बेस कॅम्प आहे. आता डाव्या गुडघ्याची झीज सुरू झालीय, बीपीची गोळी चालू आहे. मुलगा म्हणतो, बाबा, आता ती लिस्ट जरा रिअलिस्टिक करा. मी पेन घेऊन बसतो पण एकही ओळ खोडवत नाही. खोडली की हरलो असं वाटतं.

उत्तर : काका, आधी पेन बाजूला ठेवा. खोडणं हे यातलं सगळ्यात शेवटचं काम आहे, तुम्ही ते पहिलं धरलंत म्हणून घोडं तिथेच अडलंय.

पहिलं काम म्हणजे प्रत्येक ओळीला विचारायचं की बाबा, मला तुझ्यातून नक्की काय हवं होतं. बेस कॅम्पचंच घ्या. तुम्हाला एव्हरेस्ट डोळ्यांनी बघायचंय, का डोंगरात दिवसचे दिवस चालायचंय, का 'मी जाऊन आलो' असं चारचौघांत सांगायचंय? तिन्ही कारणं चालतील, तिसरंसुद्धा, त्यात लाजायचं काय. पण उत्तर कुठलं आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. कारण बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसतच नाही! नेपाळच्या बाजूचा बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे, तिथे समोरचे डोंगर आड येतात, म्हणून शिखर बघायला लोक पुढे काला पत्थरला चढतात, जे साडेपाच हजार मीटरच्याही वर आहे. तिथे हवेत मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा.

म्हणजे बघायचंच असेल तर बेस कॅम्प हे ठिकाणच चुकीचं निघतं. लुक्लाचा विमानतळ साधारण २,८५० मीटरवर, तिथून दोन दिवस चालून (तुम्ही तीन घ्या) नामचे बाजार येतं ३,४४० मीटरवर, आणि नामचेच्या वर साधारण ३,८८० मीटरवर अशी जागा आहे जिथून हवा स्वच्छ असेल तर एव्हरेस्ट, ल्होत्से, आमा दब्लाम सगळे समोर उभे. तिथून मागे फिरायचं. नामचेची चढण काही गंमत नाही हेही सांगून ठेवते, आणि गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड जातं, पण बेस कॅम्पच्या जवळपास दोन आठवड्यांच्या पायपिटीपेक्षा हे कितीतरी आवाक्यातलं आहे. तेही नाही जमलं तर काठमांडूहून डोंगर दाखवून आणणारं विमान असतं, तासाभराचं. पण हे मनापासून पटत असेल तरच करा. नुसतं 'काहीतरी केलं' म्हणून केलेलं समाधान घरी येईपर्यंतसुद्धा टिकत नाही.

आणि चालायचंच असेल तर मग एव्हरेस्टचा हट्ट कशाला? स्पेनमधली कामिनो द सांतियागोची जुनी वाट आहे, फ्रान्सच्या सीमेवरून निघालं तर साधारण ७८० किलोमीटर, पण शेवटचे १०० किलोमीटर पायी केले तरी यात्रेचं प्रमाणपत्र मिळतं. रोज दहा-बारा किलोमीटर चालायचं, संध्याकाळी गावात मुक्काम. जपानमध्ये शिकोकू बेटावर ८८ देवळांची वाट आहे, साधारण १,२०० किलोमीटरची, कित्येक लोक ती तुकड्यातुकड्याने, वर्षावर्षाच्या अंतराने पुरी करतात. असल्या वाटांवर उंचीची भानगड नाही, श्वासाची भीती नाही, आणि पाय दुखला तर एक दिवस थांबता येतं.

आता उरलेल्या पन्नास ओळी. प्रत्येक ओळीसमोर फक्त एवढंच लिहा की हे करायला मुख्य काय लागतं : गुडघे आणि दम, का पैसे, का वेळ, का दुसरं माणूस. मग ज्यांच्यासमोर गुडघे आणि दम लिहिलंय त्या वर घ्या. आपण सगळे नेमकं उलटं करतो, आधी सोपं सोपं उरकतो आणि अवघड ते 'निवांत झाल्यावर' करू म्हणतो, आणि निवांत होईपर्यंत शरीर पुढे निघून गेलेलं असतं. शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण १० टक्क्यांनी उतरते आणि सत्तरीनंतर तो उतार आणखी तीव्र होतो. व्यायामाने तो कमी करता येतो, थांबवता येत नाही. पियानो शिकणं, आत्मचरित्र लिहिणं, नॉर्दर्न लाइट्स (उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात रात्री दिसणारे रंगीत प्रकाश) बघणं, हे पंचाहत्तरीतही होईल. चालायचं आहे ते आत्ता.

हे सगळं झाल्यावर खोडायला बसा, आणि तेव्हा बघा, निम्म्या ओळी स्वतःहूनच गळतील. कारण त्यातल्या कितीतरी तुमच्या नव्हत्याच, त्या वेळी ऑफिसात कोणीतरी सांगितलं, कुठल्यातरी मासिकात फोटो बघितला, म्हणून लिहिल्या. बेचाळिशीतल्या त्या माणसाने तुम्हाला न विचारता त्या लिहून ठेवल्या, त्याची देणी तुम्ही का फेडायची?

पण ज्या उरतील त्या बारीक करू नका. माझं याबाबतीत ठाम मत आहे. 'रिअलिस्टिक' म्हटलं की लोक साठच्या साठ ओळी ठेवतात आणि प्रत्येकीचं पाणी करून टाकतात, ट्रेकच्या जागी ट्रेकची डॉक्युमेंटरी, पोहण्याच्या जागी तलावाच्या काठावर बसणं. त्यापेक्षा पाचच ठेवा आणि त्या पाचांना जीव लावा. पॉल बाल्टेस म्हणून वृद्धत्वावर काम करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ होते, ते पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं उदाहरण द्यायचे. ऐंशीच्या वयात इतकं चांगलं कसं वाजवता असं विचारल्यावर रुबिनस्टाइन म्हणाले होते की आता कमी रचना वाजवतो, त्यांचाच जास्त रियाज करतो, आणि जलद भाग यायच्या आधी जरा संथ वाजवतो म्हणजे पुढचं जलद वाटतं. बघा, कार्यक्रम बंद केले नाहीत, सोप्या चाली वाजवल्या नाहीत, फक्त निवड केली आणि थोडी हुशारी केली.

हरण्याबद्दल. युइचिरो मिउरा हे जपानी गिर्यारोहक २०१३ मध्ये वयाच्या ८० व्या वर्षी एव्हरेस्टवर चढले. २०१९ मध्ये ८६ व्या वर्षी दक्षिण अमेरिकेतल्या अकोंकाग्वा शिखराकडे निघाले आणि साधारण सहा हजार मीटरवर टीमच्या डॉक्टरांनी सांगितलं, तुमच्या हृदयाला आता धोका आहे, बास. ते उतरले. बरोबरचा मुलगा वर जाऊन आला. पुढे आजारपणामुळे पायांतली ताकद गेली, तर २०२३ मध्ये, नव्वदीत, खास व्हीलचेअरवर बसून, माणसांनी ओढत-ढकलत, जपानच्या फुजी पर्वताच्या माथ्यावर गेले, ३,७७६ मीटर. त्या माणसाला कोणी हरला म्हणेल का? ज्याचं त्यानं ठरवायचं, पण मी तरी म्हणणार नाही.

मानसशास्त्रात कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं याच गोष्टीवर बरंच काम आहे. अशक्य झालेलं ध्येय ज्यांना सोडता येतं त्यांना मनस्ताप कमी होतो असं त्यातून दिसतं, पण नुसतं सोडणं पुरत नाही, जागेवर दुसरं काहीतरी हातात धरावं लागतं. म्हणून नवीन ओळ लिहिल्याशिवाय जुनी खोडूच नका.

जाता जाता, कुठेही चालायला जायचं असेल तर आजपासून तयारी. ६५ च्या पुढच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचे आणि ताकदीचे व्यायाम. हे दुसरं सगळे विसरतात. फिजिओकडे जाऊन मांडीचे स्नायू मजबूत करायचे व्यायाम शिका, दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालायची सवय लावा. आणि ३,००० मीटरच्या वर गेलात तर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम. फिट माणसालाही उंचीचा त्रास होतो, फिटनेसचा आणि त्याचा संबंध नाही, बीपीच्या गोळीबद्दल मात्र डॉक्टरांशी आधीच बोला.

प्रश्न : ताई, मी ५९, हे ६५. माझी लिस्ट भली मोठी आहे, नॉर्दर्न लाइट्स, माचू पिचू, जहाजाने एक लांबचा प्रवास, अजून बरंच. ह्यांना कुठ्ठेच जायचं नाही. म्हणतात आता निवांत वाचायचं, जुन्या मित्रांना भेटायचं, नातीबरोबर खेळायचं. मी लिस्ट आवरती घेतली तर मनात खदखद राहणार, नाही घेतली तर रोज वाद. रिअलिस्टिक म्हणजे दरवेळी बाईनेच सोडायचं का?

उत्तर : नाही. पण त्यांनीही सोडायचं नाही, आणि इथेच खरी गोम आहे.

आधी त्यांच्या बाजूने बोलते, चिडू नका. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी वर्षानुवर्षं याचाच अभ्यास केलाय, की पुढे उरलेला वेळ कमी आहे असं वाटायला लागलं की माणसाची आवड बदलते, नवीन ओळखी आणि नवीन अनुभवांपेक्षा जवळची माणसं आणि जे आधीपासून आवडतं ते जास्त हवंसं वाटतं. म्हणजे तुमचे अहो कंटाळवाणे झालेत असं नाही, त्यांची बकेट लिस्ट ऑलरेडी तयार आहे आणि ती घरातल्या घरात पुरी होतेय. तुमच्यात सहाच वर्षांचं अंतर असलं तरी समोर किती वेळ उरलाय याचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा असतो. कोणी जवळचं गेलं, स्वतःचं काही दुखणं निघालं, की तो अंदाज एका रात्रीत बदलतो. विचारून बघा त्यांना एकदा, वाद न घालता.

आता तुमची बाजू. साठीनंतर सगळं जोडीनेच करायचं हा नियम कुठून आला मला कळत नाही. तीन लिस्ट करा, तुमची, त्यांची, आणि दोघांची. दोघांची अगदी छोटी असू द्या, दोन-तीन ओळींची, पण तिच्यात दोघांना खरंच हवं असेल तेवढंच येऊ द्या, कोणी कोणावर उपकार म्हणून नाही. बाकी तुमचं तुम्ही करा, मैत्रिणीबरोबर, बहिणीबरोबर, ग्रुपबरोबर, नाहीतर एकट्या. एकट्या गेलात तर एका माणसाच्या खोलीचे जास्त पैसे पडतात, ते धरून चाला. आणि पैशांचं मात्र आधी बसून ठरवा, दोघांच्या नावावरच्या साठ्यातून किती आणि कशासाठी, कारण माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत 'त्यांना जायचं नाही' या वाक्याच्या खाली बऱ्याचदा 'त्यांना खर्चाची भीती वाटते' हे दडलेलं असतं.

क्रम कसा लावायचा ते वरच्या काकांना सांगितलंच आहे. तुमच्या लिस्टीत पेरूमधलं माचू पिचू आधी. ते स्वतः फार उंच नाही, साधारण २,४३० मीटर, पण लोक विमानाने उतरतात त्या कुस्को शहराची उंची साधारण ३,४०० मीटर, म्हणजे त्रास होतो तो तिथे, माचू पिचूला नाही. म्हणून उतरल्या उतरल्या खाली खोऱ्यात मुक्कामाला जायचं आणि कुस्को शेवटी बघायचं. वर दगडी पायऱ्या आहेत, ओबडधोबड, धरायला सगळीकडे कठडा नाही. हे ६१ व्या वर्षी करा, ७१ ला ढकलू नका.

नॉर्दर्न लाइट्सना घाई नाही. अंधार आणि निरभ्र आकाश लागतं, पाय लागत नाहीत, सप्टेंबर ते मार्च या काळात नॉर्वेतल्या ट्रॉम्सोसारख्या ठिकाणी, जे ६९ अंश उत्तरेला आहे, खुर्ची टाकून बसलं तरी दिसतात. दिसतीलच याची गॅरंटी कोणाकडे नसते म्हणून निदान चार-पाच रात्री हाताशी ठेवा. हे प्रकाश सूर्यावरच्या घडामोडींमुळे दिसतात, आणि त्या घडामोडींचं चक्र साधारण ११ वर्षांचं असतं, त्यातला जोराचा काळ २०२४ च्या आसपास येऊन गेला, पण मधल्या वर्षांतही इतक्या उत्तरेला ते दिसतातच. आणि कोणी सांगावं, तोवर अहोंचा विचार बदलेलही. नाही बदलला तर नाही.

प्रश्न : वय ७१. जपानी शिकायची फार वर्षांची इच्छा आहे. घरचे हसतात. आता शिकून काय उपयोग? खरं सांगा, होईल का?

उत्तर : खरं सांगते, हिशोबासकट. अमेरिकन सरकारची जी संस्था राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, तिच्या अंदाजाने इंग्रजी बोलणाऱ्याला जपानीत कामकाज करण्याइतकं तयार व्हायला साधारण २,२०० तास वर्गात बसावं लागतं. तुम्ही रोज अर्धा तास दिलात तर बारा वर्षं. म्हणजे ८३.

पण तुम्हाला कुठे तिकडे जाऊन वाटाघाटी करायच्यात? 'जपानी शिकणं' ही ओळच चुकीची लिहिली गेलीय, तिला शेवट नाही. तिच्या जागी असं काहीतरी लिहा की हिरागाना आणि काताकाना या जपानी लिप्या वाचता यायला हव्यात (दोन्हींची मूळ अक्षरं ४६-४६, दोन-तीन महिन्यांत निवांत होतात), मग दहा मिनिटं साध्या विषयावर बोलता यायला हवं, मग लहान मुलांचं एक पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचायचं. कांजीच्या, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्रासारख्या अक्षरांच्या, नादाला लागायचं का नाही ते नंतर बघू. आणि एक फायदा आपल्याला आयताच आहे, जपानीत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं आणि 'ला', 'त', 'हून' अशी शेपटं नामाच्या मागेच लागतात, त्यामुळे वाक्याची ठेवण ओळखीची वाटते. वर दिलेले तास आपल्याला थोडे कमीच लागावेत असं आपलं माझं मत.

हसणाऱ्यांना मेरी डिलेनी यांचं सांगा. १७०० साली जन्मलेल्या या इंग्लिश बाईंनी वयाच्या ७२ व्या वर्षी कागदाचे बारीक तुकडे कापून हुबेहूब फुलं चिकटवायला सुरुवात केली, पुढच्या साधारण दहा वर्षांत ९८५ केली, आणि डोळे साथ देईनात तेव्हा थांबल्या. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बाई थांबल्या त्याचं कारण डोळे होतं, वय नव्हे, म्हणून तुम्हीही आधी कान तपासून घ्या. भाषा शिकताना अर्धं काम कानांचं असतं आणि ऐकू कमी येत असेल तर माणूस उगाच स्मरणशक्तीला दोष देत बसतो.

प्रश्न : आमचे बाबा ७६ वर्षांचे. विमानातून पॅराशूटने उडी मारायची त्यांची इच्छा आहे, भाऊ म्हणतो वेड लागलंय, मी मधल्या मध्ये. त्यांना समजावू कसं?

उत्तर : कशाला समजावताय? आधी तपासून घ्या, मग ठरवा. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी ७५, ८०, ८५ आणि ९० व्या वाढदिवसाला उड्या मारल्या, नव्वदीतली २०१४ ची, तेव्हा त्यांचे पाय काम करत नव्हते. म्हणजे वेड आहे खरं, पण फार मोठ्या माणसांनाही होतं ते. अर्थात त्यांच्या दिमतीला होती तशी माणसं आपल्या बाबांच्या दिमतीला नसणार, हेही लक्षात घ्या. पेपरात छापून येतात ते अपवाद असतात म्हणूनच छापून येतात.

टँडम उडीत सगळं काम पट्ट्यांनी बांधलेला प्रशिक्षक करतो, बाबांना करायचं असतं ते मुख्यतः उतरताना पाय वर उचलून धरणं, आणि धोका तिथेच, ठिसूळ हाडं असतील तर कंबर, मणका, घोटा. म्हणून हाडांची घनता तपासा, बीपी आणि हृदय बघून घ्या, डोळ्यांच्या पडद्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, सर्दी असताना अजिबात नको कारण कान बसतात. डॉक्टर नाही म्हणाले तर खालून वर जोराचा वारा सोडणाऱ्या उभ्या बोगद्यात तरंगायची सोय बऱ्याच देशांत असते, त्यात उडीही नाही आणि उंचावरून उतरणंही नाही. तिथेही खांद्यांवर ताण येतो, निखळायचा इतिहास असेल तर तेही नको. आणि डॉक्टर हो म्हणाले तर मग भावाला गप्प बसवायचं काम तुमचं. शरीर बाबांचं आहे.

प्रश्न : मी ६३. गेल्या वर्षी कॅन्सरचं निदान झालं, उपचार चालू आहेत, बरे चाललेत. मैत्रीण परदेशात असते, तिच्याकडे महिनाभर राहून यायचं आमचं कॉलेजपासूनचं ठरलेलं. आता हे डॉक्टरांसमोर कुठे काढायचं, त्यांना वाटेल हिला फिरायचं सुचतंय.

उत्तर : पुढच्याच भेटीत काढा. अगदी खुर्चीत बसल्या बसल्या, रिपोर्ट दाखवायच्या आधी.

स्टॅनफर्डच्या डॉ. पेरियाकोइल आणि त्यांच्या टीमने २०१८ मध्ये ३,०५६ लोकांचा सर्व्हे प्रसिद्ध केला, त्यात ९१ टक्क्यांहून जास्त लोकांनी आमची बकेट लिस्ट आहे असं सांगितलं. त्यांचं म्हणणं हेच की डॉक्टरांनी पेशंटला या लिस्टबद्दल आपणहून विचारावं, कारण एखाद्या उपचारामुळे त्यातली गोष्ट कायमची हातची जाणार असेल तर पेशंटला ते आधी कळायला हवं. डॉक्टरांना माहीतच नसेल तर ते तारखा कशा जुळवणार? कित्येकदा दोन डोसांमधलं अंतर थोडं पुढेमागे करता येतं, कित्येकदा नाही येत, पण विचारल्याशिवाय कसं समजणार.

काय विचारायचं ते लिहून न्या. कधी निघालेलं बरं, रक्तातल्या पेशी कमी असण्याचे दिवस कुठले, तिथे ताप आला तर काय करायचं, किती तासांच्या प्रवासाला परवानगी. विमानातली हवा साधारण २,४०० मीटर उंचीवरच्या इतकी विरळ असू शकते, तेव्हा हिमोग्लोबिन कमी असेल किंवा दम लागत असेल तर ऑक्सिजनची गरज आहे का तेही विचारा. कॅन्सरमध्ये पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी व्हायचा धोका जास्त असतो, चार तासांहून लांबच्या प्रवासात तर विशेष, त्याबद्दल स्पष्ट सूचना घ्या. औषधांची नावं ब्रँडची नाही, मूळ औषधांची, डॉक्टरांच्या सहीनिशी लिहून घ्या. विमा काढताना आजार लपवू नका, लपवला की नेमकी गरज लागते तेव्हा क्लेम नाकारतात.

महिना जमत नसेल तर दहा दिवस करा. आणि मैत्रिणीलाही विचारा की बाई, तूच येतेस का? इतक्या वर्षांत जायचं तुम्हीच असं कोणी ठरवलं होतं?

प्रश्न : माझी बकेट लिस्टच नाही. वय ६९. सगळे विचारतात, भाचीने तर कोरी डायरी आणून दिली. मला काही सुचत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

उत्तर : छे हो. वरच्या सर्व्हेत शंभरातल्या आठ-नऊ जणांची नव्हती, तुम्ही त्यांतले.

फक्त एकदा स्वतःला विचारून बघा की खरंच काही नकोय, का हवंय पण मागायची सवय नाही. टॉम गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडव्हेक यांचा १९९० च्या दशकातला अभ्यास सांगतो की लोकांना ताजं दुःख केलेल्या चुकांचं जास्त असतं, पण आयुष्यभराचं मागे वळून बघितलं की न केलेल्या गोष्टी जास्त सलतात. असं सलणारं काही असेल तर ते एक करा, लिस्ट करायची गरज नाही. नसेल तर उत्तमच, भाचीला सांगा की सगळं झालंय.

डायरीत औषधांच्या वेळा लिहा.